नौशावाली

"ताई, बराबर उभ्या राहा ना. एक पाय काहून ढिला सोडला?"

हे तिचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी माझ्याच पार्लरच्या दारात, माझ्याच पैशाचा चहा पीत उभी होते. समोर एक काटकुळी पोरगी, अंगात फिकट पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, हातात रिकामी बादली. मान तिरकी करून ती माझ्या पायांकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे तिने बऱ्याच वेळाने पाहिलं. माणूस पायांपासून वर बघत जायचा, ही तिची पद्धत. आधी खूर, मग गुडघे, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंड पसंत पडलं तर दात.

मी नकळत दोन्ही पाय सारखे टेकवले. ती खूश झाली. म्हणाली, "आता कशा छान दिसून राहिल्या!"

आखाडा बाळापूरच्या बाजाराला तुम्ही कधी आला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. बकऱ्यांच्या ओळीत वडिलांच्या मागे उभी राहून गिऱ्हाइकांच्या चपलांकडे बघणारी ती पोरगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. गावात सगळे तिला नौशावाली म्हणत.

नौशा हा तिचा बोकड. नौशा म्हणजे नवरदेव. त्यांच्या घरात जी दखनी बोली बोलतात, तिच्यातला शब्द. तिचे वडील, म्हणजे आमचे चाचा, बकऱ्यांचे व्यापारी. सेनगावच्या बाजारातून त्यांनी एकदा एक शेळी आणली, सोबत तिचं पिल्लू. शेळी पिल्लाला जवळ येऊ देईना. चाचांनी ते लेकीच्या मांडीवर टाकलं आणि विसरून गेले. तिने बाटलीने दूध पाजून त्याला वाढवला. अस्सल उस्मानाबादी वाण, कोळशासारखा काळा. फक्त लांब लोंबत्या कानांवर पांढरे ठिपके होते. तो मान हलवायचा तेव्हा ते ठिपके नवरदेवाच्या सेहऱ्याच्या कळ्यांसारखे हलायचे. म्हणून नौशा.

तर त्या दिवशी ती बादली घेऊन आली ती शाम्पू विचारायला.

"काळ्या केसांसाठी चांगला कोणता?"

मी धंद्याच्या उत्साहात बाटल्या काढल्या. हा चमक आणतो, हा कोंडा घालवतो, हा केस मऊ करतो. ती मन लावून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आन शेपटीला चालंल का?"

माझ्या हातातली बाटली हातातच राहिली.

"नौशाला दाखवायचाय, ताई. प्रदर्शनात. तिकडं सगळे पोरं आपापले बोकड चकाचक करून आणतात. आमचा काय साबणाच्या वडीवर जाईल का? जनावराला बी इज्जत असते."

हे तिचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. जनावराला इज्जत असते. ते ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की पुढे हसायची सोय नसायची. मी शाम्पू दिला. दुसऱ्या दिवशी ती नौशालाच घेऊन आली, केस नीट धुतले गेलेत का ते मला दाखवायला. दारातूनच दाखव, असं मी म्हणेपर्यंत नौशा आत आला होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वयात आलेल्या बोकडाचा वास तुम्ही घेतला नसेल तर तो शब्दांत सांगता येणार नाही, आणि घेतला असेल तर सांगायची गरज नाही. माझा सगळा शाम्पू त्या वासापुढे हात टेकून उभा होता. मी घाईने उदबत्ती लावली. खुर्चीत एक गिऱ्हाईक डोळे मिटून, चेहऱ्याला लेप लावून बसलं होतं. ते म्हणालं, "ताई, हा नवीन लेप फार उग्र आहे, पण गुण येईल असं वाटतंय."

नौशा मात्र कुणाकडेच बघत नव्हता. पार्लरच्या कोपऱ्यात माझा एक उभा आरसा होता, लाकडी चौकटीचा. नवरीला साडी नेसवली की तिला पायापर्यंत दिसावं म्हणून घेतलेला. त्या आरशात नौशाला दुसरा बोकड दिसला. तोही काळा, तोही शिंगांचा, आणि तोही याच्याकडेच रोखून बघणारा. मी आरशाकडे धावले. पण नौशाने धडक मारली नाही. त्याने मान वर काढली, छाती पुढे घेतली, पाठ फळीसारखी सरळ केली आणि चारी पाय असे रोवले की जणू कुणी मापाने ठेवलेत.

पोरगी तोंडावर हात ठेवून खाली बसली. "या खुदा," ती हळूच म्हणाली, "बराबर उभा राहिला!"

तेव्हा मला कळलं की एवढे दिवस तिची अडचण काय होती. प्रदर्शनात बोकड नुसता देखणा असून भागत नाही. परीक्षकांसमोर त्याला चारी पायांवर सरळ उभं करून दाखवावं लागतं. पाठ, छाती, पाय, सगळं तेव्हाच दिसतं. आणि नौशा जगात कुठेच नीट उभा राहत नसे. तिला बघितलं की तिच्या अंगावर रेलायचा, नाहीतर एक पाय उचलून तिच्या ओढणीचं टोक चघळत बसायचा. बाटलीवर वाढलेलं लेकरू ते. त्याला स्वतःच्या रुबाबाची खबरच नव्हती. ती आरशाने दिली.

त्यानंतर रोज दुपारी, पार्लरात बायका कमी असताना, दोघांची तालीम सुरू झाली. नौशा आरशापुढे उभा, ती दोरी धरून शेजारी, आणि मी उदबत्त्या लावते आहे. ती त्याला शिकवायची, "मान वर. खुरं जुळव. हां, आता हलायचं न्हाई." एकदा एक मास्तरीणबाई भुवया कोरायला आल्या. म्हणाल्या, "तो बोकड माझ्याकडे बघून राहिलाय." पोरगी लगेच म्हणाली, "न्हाई हो मॅडम, तो स्वतःकडं बघून राहिलाय. तुमी मधी आल्या." मास्तरीणबाई पुन्हा आल्या नाहीत. पण त्यांच्या वर्गातल्या मुली यायला लागल्या, बोकड बघायला. आल्यासारखं एखादी केस कापून घ्यायची. माझा धंदा बुडाला असं मी काही म्हणणार नाही.

याच सुमारास तिला बघायला पाहुणे आले. बारावी झालेली मुलगी. वसमतकडचं स्थळ होतं, मुलाचं फर्निचरचं दुकान. मला तयारी करून द्यायला घरी बोलावलं. मी तिला पावडर लावत होते आणि ती मला विचारत होती, "ताई, मी चालून दाखवायचं का? का नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं बसायचं," मी म्हणाले.

"मग चाल कशी कळंल त्यांना? पायात खोट असली तर?"

याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

पाहुणे बैठकीत बसले. मुलगा, त्याची आई, एक मामा. मुलगा लाजाळू होता, सतरंजीच्या काठाकडे बघत होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं. इतक्यात मागच्या अंगणातून चाचांची आरोळी आली, "नौशा भागा! अरे, नौशाला पकडा!"

मुलाच्या आईने दचकून आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा जागेवरच होता.

"आमचा नौशा तर हितं बसलाय," ती बाई म्हणाली. "हे कोणत्या नौशाचं बोलून राहिले?"

कुणी उत्तर द्यायच्या आत नौशाच आत आला. अर्धी दोरी गळ्यात, अर्धी मागे. त्याने एकवार सगळ्यांना पाहून घेतलं आणि मामांच्या पुढ्यातल्या बशीतली केळी सालासकट उचलली. पोरगी डोक्यावरचा पदर सांभाळत उठली, एका हाताने त्याची मान धरली आणि सवयीने बोलून गेली, "बराबर उभा राहा! पाहुण्यांसमोर इज्जत घालवतो का?" मामाही घाबरून ताठ उभे राहिले.

तेवढ्या गडबडीत त्या लाजाळू मुलाने पहिल्यांदा मान वर केली. नौशाकडे डोळे भरून पाहिलं आणि त्याचं वय काढायला हळूच विचारलं, "दात किती?"

"तुमचे का त्याचे?" ती म्हणाली.

दोन दिवसांनी नकार आला. मुलाच्या आईचा. त्यानंतर आठवड्याभरात मुलाचा फोन आला, चाचांच्या मोबाइलवर. त्याच्याकडे चार उस्मानाबादी शेळ्या होत्या, नौशा त्यांच्यासाठी मिळेल का म्हणून. चाचा संतापले. ती मात्र शांतपणे म्हणाली, "त्याला माणसातलं कळत न्हाई, अब्बा. पण बोकडातलं कळतं. वाईट पोरगा न्हाई."

मी तिला विचारलं, नकाराचं वाईट वाटलं का? ती नौशाच्या कानातला कचरा काढत होती. म्हणाली, "त्यांनी फकत तोंड बघितलं, ताई. तोंडावर कोण निवड करतं?" आणि मग त्याचा दुसरा कान धरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडं वाटलं."

उन्हाळा लागला तसा घरात दुसराच विषय सुरू झाला. बकरीद जवळ येत होती. नौशासारखा बोकड बाजारात उभा केला तर गिऱ्हाइकांची रांग लागेल, हे चाचांना कळत होतं आणि तिलाही. कुर्बानीला तिची ना नव्हती. ईदला घरच्या बोकडाचं ताट ती स्वतः शेजारी वाटत फिरायची. पण नौशाची गोष्ट वेगळी होती.

"हा पैदाशीचा हाय, अब्बा," ती म्हणायची. "असा बोकड गावात एक तरी राहायला पायजे. बियाणं कोण बाजारात घालतं?"

"हर साल तू हेच म्हणंल," चाचा म्हणायचे. "आज हा, उद्या त्याचं पोरगं. मी व्यापारी हाय का जनावरांचा मामा हाय?"

शेवटी चाचांनीच तोड काढली. नरसीच्या बाजूला पशुप्रदर्शन भरणार होतं. तिथे नौशाचा नंबर आला, कोणताही आला, तर तो घरी राहील. नाही आला तर ईदच्या बाजारात जाईल. तिने हो म्हटलं आणि सरळ माझ्याकडे आली.

"ताई, आरसा लागंल."

मी नाही म्हटलं. तो नवरीसाठी घेतलेला आरसा आहे, फुटला तर काय करू, असं म्हटलं. तिने मुळीच वाद घातला नाही. ती फक्त माझ्या पायांकडे बघत उभी राहिली. प्रदर्शनाच्या सकाळी मी टेम्पोच्या मागच्या बाजूला, गोणपाटावर, आरसा कवटाळून बसले होते.

चाचा पुढे ड्रायव्हरजवळ. मागे मी, ती, नौशा आणि आरशातला नौशा. आरसा झाकून ठेवावा, असं मी सुचवलं होतं. पण ती म्हणाली, "उघडा राहू द्या, ताई. सवय मोडायला नको."

टेम्पो निघाला तेव्हा नौशा नेहमीसारखा छाती काढून उभा राहिला. कळमनुरी येईपर्यंत तसाच होता. मग रस्त्यावर खड्डे सुरू झाले. टेम्पो हिंदकळला की नौशा हिंदकळायचा, आणि समोरचाही तसाच हिंदकळायचा. नौशाने खाली पाला उचलला, समोरच्यानेही उचलला. हा कंटाळला, तोही कंटाळला. हिंगोली मागे पडली तेव्हा नौशा आरशाच्या काचेला नाक लावून उभा होता. मग त्याने ती काच एकदा, अगदी मायेने, चाटली. मी पोरीकडे पाहिलं. ती बाहेरच्या शेतांकडे बघत मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, चांगलंच आहे, जनावर शांत आहे.

प्रदर्शन तुम्ही पाहिलं असतं तर तुमचे डोळे दिपले असते. जिकडे तिकडे पोरं. कुणी कॉलेजातली, कुणी नुकती मिसरूड फुटलेली, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक बोकड. शिंगांना तेल, खुरांना बुटाचं पॉलिश. एका पोराने स्वतःचे आणि बोकडाचे केस एकाच न्हाव्याकडून कापून घेतले होते. सेनगावचा एक जण काळा चष्मा लावून आला होता आणि त्याने बोकडालाही काळा चष्मा लावला होता. जो तो मोबाइल उंच धरून आपल्या बोकडाचा व्हिडिओ काढत होता. मुली दोन-चारच होत्या. त्यातल्या एकीसोबत आरसा घेऊन आलेली बाई होती, ती मी.

उस्मानाबादी बोकडांची हाक झाली. दहा-बारा बोकड ओळीत लागले. परीक्षक डॉक्टर पहिल्या टोकाकडून निघाले. ती नौशाला घेऊन आपल्या जागी गेली आणि तिने मला मानेने खूण केली. मी पुढे होऊन आरसा नौशासमोर उभा केला.

नौशाने आरशात पाहिलं. समोर प्रवासातला सोबती दिसला. नौशाने एक सुस्कारा टाकला, पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि बसला. समोरचाही बसला. दोघे निवांत रवंथ करू लागले.

"उठ," ती म्हणाली. "नौशा, उठ ना रे. बराबर उभा राहा."

तिने दोरी ओढली, पोटाखाली हात घातला, कानात काय काय सांगितलं. नौशा तिच्याकडे प्रेमाने बघत बसून राहिला.

आणि आता पुढचं ऐका. आरसा मोठा होता. नौशाच्या दोन्ही बाजूंच्या बोकडांना तो दिसत होता. त्यांनी जन्मात कधी आरसा पाहिला नव्हता. डावीकडच्याने मान वर काढली. उजवीकडच्याने छाती पुढे घेतली. त्यापलीकडच्या सेनगावच्या बोकडाने डोकं झटकून चष्मा खाली पाडला, आरशात पाहिलं आणि असा काही उभा राहिला की पुतळा करून चौकात बसवावा. परीक्षक त्याच्यापुढे थबकले. पाठीवरून हात फिरवला, मान डोलावली. त्या पोराला स्वतःचाच विश्वास बसेना. तो आपल्या बोकडाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

परीक्षक नौशाजवळ आले. वाकून पाहिलं. म्हणाले, "वाण चांगला आहे, बेटा. पण उभा तर कर."

"तकलीफ न्हाई काही, सर, त्याला," ती म्हणाली. "फकत... दोस्ती झाली."

डॉक्टरांना ते कळलं नाही. ते पुढे गेले. पहिला नंबर सेनगावच्या बोकडाचा आला. दुसरा डावीकडच्याचा, तिसरा उजवीकडच्याचा. आमच्या आरशाने तीन नंबर काढले, आमचा सोडून.

ती रडली नाही. तिने नौशाला उठवलं, आता तो लगेच उठला, आणि त्याला एका लिंबाच्या झाडाखाली नेऊन बांधलं. मी आरसा घेऊन मागे. तिथे झाडाखाली एक डॉक्टरीणबाई एका करडाच्या तोंडात बोट घालून दात तपासत होत्या. पांढरा कोट, खाली साधी चप्पल. पोरगी आपलं दुःख विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मॅडम, तुमाला ह्या कामाचा पगार मिळतो?"

"मिळतो की."

"दात बघायचा?"

"दात, पोट, खुरं, सगळंच बघायचा," बाई हसून म्हणाल्या. "शिकावं लागतं त्यासाठी."

तिने बाईंच्या चपलेपासून पांढऱ्या कोटापर्यंत नजर वर नेली. मग वाकून तिनेही त्या करडाच्या तोंडात डोकावून पाहिलं.

तेवढ्यात एक व्यापारी आला. लांबचा होता, ईदसाठी माल बघत फिरत होता. नौशाभोवती त्याने एक फेरी मारली, दुसरी मारली. मग चाचांना म्हणाला, "बोला चाचा, द्यायचा ना?"

चाचांना बकऱ्या विकताना मी खूपदा ऐकलं आहे. चाचांच्या तोंडी कुठलंच जनावर वाईट नसतं. लंगडं असलं तर ते शांत चालीचं असतं. म्हातारं असलं तर समजूतदार. मारकं असलं तर घराची राखण करणारं. त्यामुळे चाचांनी तोंड उघडलं तेव्हा मी मनातून नौशाचा निरोप घेतला.

चाचा म्हणाले, "घ्या की शेठ. पण आधीच सांगतो, रातचा खोकतो."

ती गर्रकन वळली. "कोण खोकतो?"

"आन मागच्या पायानं जरा कमजोर हाय," चाचा तिच्याकडे न बघता म्हणाले.

"कमजोर?" ती व्यापाऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "शेठ, तुमी हात लावून बघा. हे बघा, ही पाठ. असा पाय अख्ख्या प्रदर्शनात दाखवा मला. आजवर एक दिवस आजारी पडला न्हाई!"

व्यापाऱ्याने हात लावून पाहिलं. त्याचे डोळे चमकले. चाचांनी चपलेच्या टाचेने लेकीचा पाय दाबला.

"अब्बा, पाय कशाला दाबून राहिले? ह्याच्यात खोट काय हाय ते सांगा ना!"

"बेटी, जा, चहा घेऊन ये."

"नको चहा. आधी खोट सांगा."

"खातो फार कमी," चाचा कसनुसे म्हणाले.

"कमी? सकाळी टोपलं भरून शेवरीचा पाला खातो, शेठ! वजन बघा त्याचं!"

व्यापारी आता खिशाकडे हात नेत होता. चाचांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली. मी आरसा धरून उभी होते. नौशा पुन्हा त्या आरशासमोर जाऊन बसला होता आणि काच चाटत होता.

चाचांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू शेठ? ह्याच्या डोक्यात फरक हाय. ह्याला आरशाबिगर करमत न्हाई. त्या बाईला त्याच्यासाठीच ठेवलंय. जिथं हा, तिथं ती आरसा घेऊन. तुमाला बोकड नेला तर बाई बी न्यावी लागंल."

व्यापाऱ्याने नौशाकडे पाहिलं. आरशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी दोन्ही पाय सारखे टेकवून उभी राहिले. व्यापाऱ्याने खिशातला हात काढला, सगळ्यांना सलाम केला आणि मागे न बघता दुसऱ्या ओळीकडे निघून गेला.

परतताना चाचा पुढे बसले नाहीत. मागे आमच्यातच गोणपाटावर बसले. हिंगोली मागे पडली. मग ती म्हणाली, "अब्बा, तुमी खोटं बोलला."

"व्हय."

"काहून? तुमाला तर विकायचा होता ना. नंबर बी आला न्हाई."

"तेच तर," चाचा शेतांकडे बघत म्हणाले. "ज्याचा नंबर आला न्हाई, असला बोकड मी बाजारात उभा करू? माझी काय इज्जत राहील?"

ती बापाकडे बघत राहिली. पायांपासून सुरुवात न करता, सरळ तोंडाकडे. मग नौशाच्या पाठीवर डोकं टेकलं आणि झोपून गेली. चाचांनी आपल्या खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या डोळ्यांवरचं ऊन अडवलं आणि बाळापूर येईपर्यंत तो तसाच धरून बसले.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने घरात सांगितलं की तिला जनावरांच्या दवाखान्याचं शिकायचंय, परभणीला. चाचा आधी भडकले. "बकऱ्यांचं शिकायला परभणीला? मग हितं मी काय करून राहिलो एवढी वर्षं?" पण चार दिवसांनी तेच तिची कागदपत्रं घेऊन माझ्याकडे आले, झेरॉक्स कुठे चांगली निघते विचारायला. मी म्हटलं, "चाचा, मन कसं वळलं?"

चाचा म्हणाले, "बाई, तिला आमचा धंदा जमणार न्हाई. तुमी बघितलं ना त्या दिवशी? गिऱ्हाइकासमोर खरं बोलते. असल्या माणसाला नोकरीच बरी."

ती गेली त्या सकाळी मी स्टँडवर होते. तिची एक बॅग, एक वळकटी. चाचा बॅग घेऊन उभे आणि ती त्यांना बजावत होती. शेवरी ओली द्यायची नाही. मका हात राखून. पोट फुगलं तर आधी चालवायचा, मग तिला फोन करायचा. खुरं दर महिन्याला तासायची. जन्मभर बकऱ्यांत गेलेला तो माणूस "हौ, हौ" करत मान हलवत होता. मग तिने मला बाजूला घेतलं. "ताई, अब्बांवर नजर ठेवा. ते नौशाला चोरून भजे चारतात."

बस आली. ती चढली. जागा मिळाली, खिडकीजवळची. चाचांनी बॅग आत सरकवली आणि खाली उतरून उभे राहिले. तोंड जरा उतरलेलं होतं. एवढं सगळं बोलून झालं, पण त्यातला एक शब्दही चाचांबद्दल नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि माझ्याही. कंडक्टरने बेल मारली. बस हलली. तिने खिडकीची काच सरकवायला घेतली, ती अडकली. दोन्ही हातांनी जोर लावून तिने ती ढकलली आणि अर्धीअधिक बाहेर आली.

"अब्बा!" ती ओरडली. "जेवून घ्या!"

बस नाक्यावरून वळून दिसेनाशी झाली. चाचा थोडा वेळ तिथेच होते. मग त्यांनी रस्ता ओलांडला आणि समोरच्या हॉटेलात शिरले. चाचांना हॉटेलात बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. हॉटेलवाला कढई चुलीवर ठेवत होता.

"चहा देऊ, चाचा?"

"जेवायचं दे."

"एवढ्या सकाळी? आत्ता पोहेच झालेत."

"पोहे दे मग," चाचा बाकावर बसत म्हणाले. "पण जरा जास्त दे. पोरीनं जेवायला सांगितलंय."

आणि रस्त्याकडे तोंड करून चाचांनी ती बशी शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत संपवली.